पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये

पुष्करने पियानोची एक पांढरी पट्टी दाबली, मग तिला लागून असलेली काळी दाबली, मग पुन्हा पांढरी, आणि माझ्याकडे मान वळवून म्हणाला, "काकू, तुमचा सा कुठे आहे?" मला वाटलं, गंमत करतोय. "कुठे मंजे? हा काय!" असं म्हणत मी नखीने तार छेडली. पुष्कर हसला नाही. तो उठला, पियानोचं झाकण उघडून आत वाकला आणि तसाच वाकलेला म्हणाला, "पांढरी पाच नाही. काळी चारही नाही. मधेच कुठेतरी आहे. पियानोत मधे काही नसतं, काकू." सकाळचे साडेनऊ झाले होते. नागपूरच्या सदर भागातल्या एका जुन्या शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये आम्ही चौघं होतो. पियानोवर पुष्कर, माणसाएवढ्या उंच, व्हायोलिनच्या थोरल्या भावासारख्या दिसणाऱ्या बासला बिलगून उभी असलेली काटकुळी गुंजन, रेकॉर्डिंगच्या यंत्रांमागे रोहित, आणि टेबलावर ठेवलेल्या बुलबुलतरंगामागे मी, प्रेमलता, वय सत्तावन्न, मुक्काम बेसा. शाळेला तीन दिवस सुट्टी होती आणि त्या तीन दिवसांत आमचा जाझचा अल्बम व्हायचा होता. अल्बमवर पहिलं नाव माझं असणार होतं, बाकीच्यांचं माझ्याखाली. भीती होती का? होती. पण खरं सांगते, आनंदच जास्त होता. एवढ्या आयुष्यात मला कुणी इतक्या गंभीरपणे काही विचारलंच नव्हतं. भाजीत मीठ घातलं का, गॅस बंद केला का, यापलीकडे प्रश्न नव्हते.

हे सगळं सुरू झालं यमुताईंच्या दम्यामुळे. आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी बायकांचं भजन असतं. यमुताई गातात, दोघी टाळ धरतात, एक ढोलकी, आणि माझा बुलबुल. पेटी नाही. पेटीवाल्या बाई मुलाकडे पुण्याला गेल्या त्या गेल्याच. बुलबुल म्हणजे हातभर लांबीची लाकडी पेटी, वर तारा, डाव्या हाताला टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात नखी. याला वाद्य म्हणायलाही लोक बिचकतात. मुलांचं खेळणं समजतात, नाहीतर वरातीतला बेंजो. तर यमुताईंना दोन कडव्यांच्या मध्ये धाप लागते. त्या डोळे मिटून श्वास गोळा करत बसतात, आणि तोवर गाणं पडू द्यायचं नाही हे काम माझं. कधी अर्धा मिनिट लागतो, कधी तीन मिनिटं. तेवढ्या वेळात मी धुनेतून निघते, कुठे कुठे जाते, मलाही माहीत नसतं कुठे, आणि एक डोळा यमुताईंच्या छातीवर ठेवते. धाप बसली की परत येते. कुठूनही परत यावंच लागतं आणि ठेक्यावरच यावं लागतं. पंधरा वर्षं हे चाललं होतं आणि मला वाटायचं, मी वेळ काढतेय. एका शनिवारी तिसऱ्या मजल्यावरचा हा पुष्कर, चेन्नईला जाझ शिकून आलेला, अनवाणी पायांनी दारात येऊन उभा राहिला. यमुताई म्हणाल्या, "परसाद सरला गा बाबू." त्याने विचारलं, "ते मधे कोण वाजवत होतं?" बायकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, काहीतरी फुटल्यावर दाखवतात तसं.

पुष्करने मला त्याच्याबरोबर जाझ वाजवायला बोलावलंय, हे घरी मी सांगितलं तेव्हा आमचे हे, म्हणजे बाबाराव, टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "जाझ मंजे काय वं?" मी पुष्करने सांगितलेलं सांगितलं. एक धून ठरवायची, ती वाजवायची, मग तिथून निघायचं. मधे काय करायचं ते कुणी सांगत नाही, फक्त परत यायचं. यांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग तू तं करूनच राहिली ना. त्याच्यात शिकाचं काय?" चार महिने पुष्करच्या बैठकीत मी रोज दुपारी जात होते. तो कीबोर्ड वाजवायचा, गुंजन तो अवाढव्य बास लिफ्टमधून तिरपा करून आणायची, आणि आम्ही तिघं जे काही करायचो त्याने माझी झोप उडाली होती. भाजी चिरताना सुरी ठेक्यावर पडायची. कुकरची शिट्टी चुकीच्या जागी झाली तर मला राग यायचा. या वयात असं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. की लग्नाच्या वेळी झालं नाही ते आता व्हावं, कान तापावेत, जिने दोन दोन पायऱ्यांनी चढावेत, स्वतःशीच हसू यावं.

आणि आता पियानोत मधे काही नसतं. "मग घरी कसं जमलं?" मी विचारलं. पुष्करचा चेहरा पडला. कीबोर्डला एक बटण असतं, त्याने अख्खा कीबोर्ड थोडा वर-खाली सरकतो. तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी मी बटण दाबून तुमच्याजवळ आलो होतो. वाटलं, तारा जुन्या आहेत, सरकल्या असतील, रेकॉर्डिंगच्या वेळी नीट लावू. मग विसरूनच गेलो." पियानोला असलं बटण नसतं. तो सुरात लावायला कोलकात्याहून म्हातारे गृहस्थ आले होते, दोन दिवस आतल्या सव्वादोनशे तारा एकेक करून ताणून कालच्या गाडीने परत गेले होते. "तुम्ही थोडं उतरा काकू. एवढंसं. पांढरी पाच." त्याने दोन बोटांमध्ये चिमूटभर हवा धरून दाखवली. एवढंसं तर होतं. मी पर्समधून चावी काढली आणि एकेक तार ढिली केली. पियानोने सा दिला, मी त्याला जाऊन मिळाले. गुंजन म्हणाली, "मस्त!" रोहितने अंगठा दाखवला. मी वाजवायला लागले, आणि बोटं आपापल्या जागी बरोबर पडत गेली, सगळं कसं स्वच्छ, एकही चूक नाही. मधल्या वाटेत पुष्करने एक गिरकी घेतली तिच्यामागे मीही गेले, परत आले, ठेक्यावर आले. रोहितने ते हेडफोनवर मला ऐकवलं. कोणीतरी हुशार बाई बुलबुल वाजवत होती. चांगली वाजवत होती. मला तिची ओळख पटेना.

"मी जरा बाहेर जाऊन येते," म्हटलं आणि बुलबुल काखेत मारून निघाले. बायकांना बाहेर जायचं असतं तेव्हा कुणी कारण विचारत नाही, ही एक सोय आहे. हॉलच्या मागे कुंपणाला लागून विजेची डीपी होती, आपली नेहमीची, लोखंडी जाळीतली, धोक्याची पाटी लावलेली. मी पायरीवर बसले. ती गुणगुणत होती. घूं. आणि हॉलमध्ये गेले तासभर मला जे एकटं एकटं वाटत होतं ते इथे थांबलं. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती. बेसाला आमच्या सोसायटीच्या डीपीजवळ दर शनिवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने जाते आणि बुलबुल लावून येते. वॉचमनला वाटतं, बाई थोडी सरकलेली आहे. एकदा तो म्हणालाही, "काहून बसता मॅडम तिथं? करंट लागंल ना." त्याला काय सांगणार, की नागपूरकडची कुठलीही डीपी घ्या, वर्धा रोडची घ्या नाहीतर रामटेकची, सगळ्यांचा सूर एकच आहे, आणि तो सूर म्हणजे माझं घर आहे?

घर म्हणजे खापरखेड्याची वसाहत. वीज केंद्राची. आमचं क्वार्टर शेवटच्या रांगेत, मागे भिंत, भिंतीपलीकडे मोकळं, आणि त्याच्या पलीकडे यार्डातल्या मोठ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरांची घूं, दिवसरात्र. पाहुण्यांना ती ऐकू यायची, आम्हाला नाही. आम्हाला ती नसली की ऐकू यायची. उन्हाळ्यात आजोळी रामटेकला गेलो की पहिले दोन दिवस दुपारची झोप लागायची नाही, काहीतरी हरवल्यासारखं वाटून मी रडायची आणि मामी म्हणायची, पोट्टीले नजर लागली. बुलबुल तिथलाच, रामटेकच्या यात्रेत बाबूजींनी घेऊन दिलेला, मी नऊ वर्षांची असताना. दुकानदाराने लावून दिला होता, पण एसटीत इतके गचके बसले की घरी येईपर्यंत सगळा उतरला. वसाहतीत तेव्हा कुणाकडे पेटी नव्हती. शिकवणारं कुणी नव्हतं. मी मागच्या दारात बसले, चावी फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि एका क्षणी तार आणि घूं एकमेकांत गेली. दोन आवाज होते, एकच उरला. मला वाटलं, सगळी वाद्यं अशीच लावतात.

बाबूजी, देवराव फिटर, टर्बाइनवर होते. लहानपणी गोवर होऊन त्यांचा एक कान गेला होता आणि दुसराही निम्माच होता, पण केंद्रातले साहेब लोक बेअरिंग बघायला त्यांनाच बोलवायचे. ते मशीनच्या अंगावर तळहात ठेवायचे, मान खाली घालायचे आणि सांगायचे, आठ दिवस चालंल, किंवा आजच खोला. "मशीन हातानंच आयकाची असते, बाई," मला म्हणायचे, "कान तं भैताड असते, काही बी आयकते." ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, की मी वाजवत बसलेली असायची तिथे यायचे आणि माझ्या बुलबुलाच्या लाकडावर तोच तळहात टेकवायचे. थोडा वेळ तसेच. मग म्हणायचे, "आला सूर." आणि चहा प्यायला जायचे. मी इतकी खूश व्हायची की सांगता येत नाही. पण त्या खुशीत एक टोचणी होती. मी काय वाजवते ते यांना ऐकू येत नाही, लाकूड थरथरतं तेवढंच कळतं, लेकीचं मन राखायला हात लावतात, असं मला वाटायचं. माझा सा तुमच्या कारखान्यातून आला आहे हे त्यांना एकदा ओरडून सांगावं, असं किती वेळा मनात आलं. लाजेने नाही सांगितलं. लग्न झालं, बेसा झालं, अकरा वर्षांपूर्वी ते गेले. सांगायचं राहिलंच.

पायरीवर बसल्या बसल्या मी सगळ्या तारा परत वर आणल्या. सगळं एकमेकांत गेलं. मला हसू फुटलं, रडूही फुटलं, आणि दोन्ही पुसून मी आत गेले. खुर्चीत बसून म्हटलं, "पुष्कर, मी उतरत नाही." तो समजला. आधी त्याने समजावलं, मग त्याचा आवाज चढला. "काकू, या पियानोसाठी मी सहा महिने शाळेच्या पाया पडतोय. तीन दिवस मिळाले आहेत. कीबोर्डवर हा अल्बम करायचा नाही मला, खेळण्यासारखा वाटतो तो." "माझा बुलबुलही खेळणंच आहे," मी म्हणाले. "मी असं म्हटलं का?" "नाही. पण मी तिथं खाली वाजवून राहिली न, तं ते माझं नाई येऊन राहिलं. ती दुसरीच बाई आहे. तुले ती पाहिजे असंल तं नाव बी तिचंच टाक. माझं काढ." बोलले आणि माझी मीच हादरले. चार महिन्यांची ती धुंदी, ते जिने, ते तापलेले कान, सगळं मी टेबलावर ठेवून दिलं होतं. पियानोच्या पट्ट्यांवरून पुष्करने नुसताच हात फिरवला. गुंजनने बासच्या मानेमागे तोंड लपवलं. मला वाटलं, संपलं, आता ऑटो शोधायची.

तेव्हा रोहित मागून म्हणाला, "भांडण मंग करजा ना बे. काकू, एकडाव सा वाजवा. बस, माइक चेक करतो." मी सा वाजवला. "वाजवा ना." "वाजवून तं राहिली!" "मले नाई येऊन राहिला." मी रे आणि ग वाजवून पाहिले. त्याने हेडफोन काढला, परत घातला. "रे येऊन राहिला, ग येऊन राहिला. सा गायब." तो यंत्रावर वाकला, मान हलवली, आणि एकदम खो खो हसायला लागला. मग त्याने आम्हाला समजावलं. सकाळपासून तो एका त्रासाशी झगडत होता. मागच्या डीपीची घूं आणि हॉलच्या जुन्या वायरिंगची घूं माइकमध्ये शिरत होती. म्हणून त्याने एक फिल्टर लावला होता, ती घूं जिथे जिथे असेल तिथे तिथे आवाज कापून टाकणारा. "आणि काकू बरोब्बर तिथंच बसल्या आहेत. मघाशी खाली उतरल्या होत्या तवा आला, आता मी यांचा सा कचऱ्यात टाकून राहिलो, पुष्कर! बाप्पा, कुठून लावला हा सूर?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. आणि मी सांगितलं. बेसाची डीपी, तुळशीचं पाणी, खापरखेडा, मागचं दार, बाबूजी. आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते, तेही तीन परक्या पोरांना, आणि शब्द इतक्या घाईने येत होते की मधेच मला हसायला आलं. कुणी हसलं नाही. गुंजन म्हणाली, "रोहितदादा, फिल्टर काढ. आणि ती घूं मॉनिटरमध्ये दे, काकूंच्या बाजूला. तानपुरा आहे तो त्यांचा." रोहितने माझ्या टेबलाजवळचा स्पीकर सुरू केला आणि जिला तो सकाळपासून हाकलत होता ती घूं हळूच हॉलमध्ये आली. गुंजनने आपली जाडी तार त्या घूंशी मिळवली. बासला पट्ट्या नसतात, तिला सगळीकडे जाता येतं. उरला पुष्कर. त्याने दोन बोटं उचलली आणि पांढरी पाच व काळी चार दोन्ही एकाच वेळी, अगदी हलकेच दाबल्या. एरवी असं केलं तर कानाला दाताखाली खडा आल्यासारखं होतं. त्या दोन सुरांच्या मध्ये जी थोडीशी जागा होती तिथे माझा सा होता. मी तो वाजवला. पुष्करने डोळे मोठे केले आणि पोरासारखा हसला. "वाजवा काकू," म्हणाला, "मी दोन्ही बाजूंनी येतो."

मग जे झालं ते अकरा मिनिटं झालं, असं रोहितने नंतर सांगितलं. मला काळ कळला नाही. पुष्कर फार कमी वाजवत होता, एका बाजूने येऊन थांबायचा, दुसऱ्या बाजूने येऊन थांबायचा, दार उघडं ठेवायचा. मी त्यातून बाहेर गेले. रामटेकच्या एसटीत गेले, मागच्या दारात गेले, यमुताईंच्या धापेत गेले, बटणांवर बोटं इतकी धावत होती की नखी दोनदा निसटता निसटता राहिली, आणि गुंजन खालून मला झेलत होती. असा आनंद मला झेपेल की नाही असं वाटलं. झेपला. मी ठेक्यावर परत आले, सा-वर आले, तिघांनी शेवटचा सूर सोडला आणि रोहितने बोट ओठांवर ठेवून सांगितलं, हलू नका, विरू द्या.

वाजवताना माझे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्यामुळे इतक्या वर्षांत जे मी कधीच केलं नव्हतं ते तेव्हा सहज झालं. माझा तळहात जाऊन बुलबुलाच्या लाकडावर टेकला. सूर विरला होता, तारा मी सोडल्या होत्या, पुष्कर आणि गुंजन थांबले होते. राहिली होती फक्त ती स्पीकरमधली घूं. आणि लाकूड थरथरत होतं. मी वाजवत नसताना. बाजूला घूं चालू होती आणि माझ्या तारा तिच्याबरोबर आपल्याआपण बोलत होत्या, बारीक, एकसारख्या, नीट लावलेल्या असल्या तरच बोलतील अशा. मला बाबूजींचा हात आठवला. मशीन ओळखणारा तो हात माझ्या बुलबुलावर रोज टेकत होता आणि खाली त्यांचीच मशीन चालू होती. त्यांना कळलं नसेल, असं मी समजत होते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी कुणाला धरून सूर लावते ते.

रोहितने हात खाली केला. पुष्कर म्हणाला, "काकू, ठीक आहात ना? अजून एकदा करायचं?"

"एक मिनिट थांब गा," मी म्हणाले, आणि हात तिथेच ठेवला.